अठरा घास

आश्विन वद्य तृतीया, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. मुलुंड पूर्व, चौथा मजला, आमच्या स्वयंपाकघराबाहेरची जागा. घास चोवीस, पाणी दोन वाट्या, डाळिंबाचा रस अर्धी वाटी. हजर: मी, माझी बायको सुनंदा, खालच्या मजल्यावरच्या मगदूमकाकू आणि दारात उभे असलेले साधुसंघातले ब्रह्मचारी भैयाजी. आणि पाटावर तू.

त्या दिवसाबद्दल बाहेर जे सांगितलं जातं ते एवढंच आहे. आकडे बरोबर आहेत, मी स्वतः मोजले होते. पण त्यांतले पहिले सहा घास वेगळे आणि नंतरचे अठरा वेगळे, हे मी दहा महिने कुणालाही सांगितलं नाही. आज तुला जाऊन अकरा दिवस झाले.

मी तुला 'तू' म्हणतोय. तू क्षुल्लकाची जैन दीक्षा घेतल्यापासून तुला 'महाराज' म्हणायला हवं होतं आणि चारचौघांत मी ते म्हणतही होतो. पण सुकुमार, मी तिसरीत असताना तुला गणवेशाचं बटण लावायला शिकवलं आहे. या कागदावर मला महाराज जमणार नाही. श्रद्धांजलीच्या सभेत कुणाला खटकलं तर त्यांनी मला नंतर सांगावं.

तू दीक्षा घेणार म्हणालास तेव्हा पहिला प्रश्न मी काय विचारला, आठवतं? "पायऱ्या किती आहेत?" तू हसलास. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात तू बावीस वर्षं माल तपासत होतास, मी विक्रोळीत कॉस्टिंगला. आपल्या घरात असंच बोलणं चालायचं. तू बोटांवर मोजून दाखवलंस. श्रावकाच्या अकरा पायऱ्या. अकरावीवर दोन जण बसतात, आधी क्षुल्लक, मग ऐलक. क्षुल्लकाला लंगोट आणि एक आखूड वस्त्र, जेवायला वाटी. ऐलकाला फक्त लंगोट, आणि जेवण हाताच्या ओंजळीत. त्यापुढे मुनी, तो वेगळाच प्रांत.

"म्हणजे क्षुल्लक अजून श्रावकच?" मी विचारलं.

"श्रावकच. शेवटच्या बाकावरचा."

"मग परत येता येतं."

"अण्णा, तू ना, मोक्षाच्या दारातसुद्धा रिटर्न तिकीट मिळेल का विचारशील."

सुनंदा भाकरी थापता थापता हसली. मी हसलो नाही. त्या शेवटच्या बाकावरच माझा सगळा जीव अडकून राहिला. लोकांना वाटतं मी तुझ्या दीक्षेच्या विरोधात होतो. तसं नव्हतं. मला तू क्षुल्लक चालणार होतास. त्याच्या पुढे गेलेला नको होतास. वाटी आहे, वस्त्र आहे, तोवर तू आपल्या घरातला आहेस, असं माझं गणित.

दीक्षेनंतर पहिल्या हिवाळ्यात मी तुझ्यासाठी वस्त्र घेऊन आलो होतो. क्षुल्लकाचं वस्त्र मुद्दाम आखूड असतं, डोकं झाकलं की पाय उघडे राहावेत एवढंच. मी अर्धा मीटर जास्त घेतलं होतं. रात्री पाय झाकले जातील, एवढ्यानं कोणाचं काय बिघडतं. तू ते हातात घेतलंस, अंगठा आणि करंगळी ताणून दोन वेळा वीत टाकलीस, आणि भैयाजींना म्हणालास, "हे एवढं फाडून घ्या. अण्णांना परत द्या. पाणी गाळायला होईल." माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी अर्धा मीटर कापड घेऊन परत आलो. सुनंदा म्हणाली, "भाऊजींच्या डोळ्यात धूळ फेकायला निघाला होतात? ज्यांनी कारखान्यात अख्खे लॉट परत पाठवले?"

ते वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

गेल्या चातुर्मासात संघ मुलुंडला आला आणि सुनंदानं चौका लावायचं ठरवलं. चौका म्हणजे साधूंसाठी वेगळा, सगळं निवडून-शोधून केलेला स्वयंपाक. मंदिरामागच्या विहिरीचं पाणी, चार मजले चढून, रोज सहा कळशा. दळण घरच्या जात्यावर. धुतलेली, कुणाचा स्पर्श न झालेली वस्त्रं. तांदळाचा दाणा अन् दाणा ताटात पसरून बघायचा. ती पहाटे साडेचारला उठायची. मी पाणी आणायचो आणि दारात कलश घेऊन उभा राहायचो. तू आमच्याच दारात यायचास असं नाही. तुला जिथे आहार मिळेल तिथे. तीन महिन्यांत तू आमच्याकडे चारदा आलास. बाकीच्या दिवशी सुनंदा तो सगळा स्वयंपाक आम्हाला वाढायची आणि म्हणायची, "उद्या."

त्या आश्विनात काय झालं ते आधी लिहितो, कारण मी ज्याला माझी सबब म्हणतो ती तिथे आहे.

वद्य प्रतिपदेला तू शहांकडे गेलास. दुसऱ्याच घासाला वाटीत मुंगी निघाली, मेलेली. अंतराय. म्हणजे त्या क्षणी हात थांबवायचा, उठायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नही नाही, पाणीही नाही. द्वितीयेला तू कोपऱ्यावरच्या इमारतीत गेलास. पाटावर बसून पाण्याचा पहिला घोट घेतलास आणि शेजारच्या घरातल्या टीव्हीवर कुणीतरी ओरडलं, "कापून टाकीन तुला!" आहाराच्या वेळी असला शब्द कानावर पडला तरी अंतराय. तू वाटी खाली ठेवलीस. ती मंडळी रडायला लागली. तू खुणेनं त्यांना गप्प केलंस. दुपारी मंदिरात भैयाजी मला म्हणाले, "महाराज म्हणतायत, व्हिलनचा आवाज चांगला होता."

ऑक्टोबरचं ऊन होतं. तुझा रक्तदाब पूर्वीपासून कमी. सायंकाळी मी तुला बघितलं तेव्हा तू भिंतीला हात लावून उठत होतास. मी म्हटलं, "महाराज, थोडं तरी..." वाक्य पुरं करता येईना, कारण थोडं तरी काय, हे मलाही माहीत नव्हतं. तू फक्त "धर्मवृद्धी" असा आशीर्वाद दिलास. ओठ फुटले होते.

तिसऱ्या दिवशी तू आमच्या दारात आलास. चार मजले चढून. लिफ्ट घेत नव्हतास. शेवटच्या वळणावर तू थांबलास तेव्हा मी वरून मोजत होतो. तू एकोणीस सेकंद उभा होतास.

मी कलश धरून म्हटलं ते सगळ्या गृहस्थांना म्हणायचं असतं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे, आत यावं. ते म्हटलं तेव्हा ते खरं होतं, एवढं तरी लिहून ठेवतो.

तू पाटावर बसलास. सुनंदानं पाणी दिलं, रस दिला. मी भात-वरण वाढत होतो. सहा घास झाले. तुझ्या चेहऱ्यावर रंग परत येत होता, खरंच येत होता, मी बघत होतो. मी सातव्या घासाचा भात वाढला आणि डाव मागे घेताना मला वाटीत केस दिसला. दीड इंचाचा, पांढरा, भातात अर्धा बुडालेला. सुनंदाचे केस लांब आहेत आणि मगदूमकाकू मेंदी लावतात. तो माझाच होता.

करायचं होतं ते सोपं होतं. "अंतराय" म्हणायचं. एक शब्द. तो म्हटला असता तर तू उठला असतास, तिसऱ्या दिवशीही.

मी आणखी वाढायचं निमित्त केलं. डावाच्या कडेनं तो केस, खालच्या दोन-चार शितांसकट, उचलला. डाव मागे परातीत ठेवला आणि दुसरा घेतला. सुनंदा तेव्हा दूध बघायला वळली होती. मगदूमकाकूंचं लक्ष तुझ्या पाण्याकडे होतं. कुणीही बघितलं नाही.

तुझा हात वाटीच्या वर थांबला. मी भिंतीकडे बघितलं. मनात एक, दोन, तीन, चार. मग तुझा हात खाली गेला आणि तू घास घेतलास.

तो धरून अठरा.

तू उठलास, वाटी धुतलीस, आम्हाला आशीर्वाद दिलास. भैयाजींनी जिन्यातून मोठ्यानं सांगितलं, "महाराजांचा निरंतराय आहार झाला!" म्हणजे काही विघ्न न येता पूर्ण झाला. खालच्या मजल्यांवर लोकांनी जयजयकार केला. सुनंदा दाराला टेकून रडली, आनंदानं. मी परातीतला डाव घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि नळाखाली धरला.

त्या दिवशी मला लाज वाटली नाही. हे मला नीट सांगायचं आहे, कारण आता वाटते तेवढीच तेव्हाही वाटली असेल असं वाचणाऱ्याला वाटू नये. मला बरं वाटलं. माझा भाऊ जेवला होता. एका केसानं कुणाचा धर्म बुडतो का, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर 'नाही' असं ठेवून झोपलो.

पुढच्या आठवड्यात तू एकाआड एक असे तीन दिवस आहाराला उठला नाहीस. मी भैयाजींना विचारलं. "उपवास आहेत." कसले, ते त्यांना माहीत नव्हतं. मी ते तीन दिवस मोजून ठेवले होते, पण कशासमोर मांडायचे ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर तुझी ऐलक दीक्षा होणार होती. मंडपवाल्याशी बोलणं झालं होतं. मग कळलं, पुढे गेली. पुढच्या कार्तिकात बघू. सगळे हळहळले. मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, "बघ. थांबला. अजून वाटीत जेवतोय." मी त्या रात्री गोड केलं होतं, सुकुमार. शिरा. स्वतःच्या हातानं.

हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

श्रावणात तुझ्या छातीत दुखलं आणि तासाभरात तू गेलास. तेव्हा संघ नाशिकच्या वाटेवरच्या एका गावात चातुर्मासाला होता. आम्ही पोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. तू क्षुल्लक म्हणूनच गेलास. पुढचा कार्तिक यायला अडीच महिने होते.

तिसऱ्या दिवशी मी संघाच्या आचार्यांच्या समोर जाऊन बसलो. मला सांगायचंच होतं असं नाही. पण मागच्या खोलीत तुझी वाटी बघितली, पालथी घातलेली, आणि मग मला दुसरं काही बोलता येईना. मी सगळं सांगितलं. केसाची लांबीसुद्धा.

आचार्य बेळगावकडचे, थोडं बोलतात. त्यांनी मोरपिसांची पिंछी मांडीवर ठेवली.

"ठाऊक आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कुणी सांगितलं, महाराज?"

"ज्याच्या वाटीत होता त्यानं. त्याच दुपारी."

"त्याला दिसलं होतं?"

"अरे, तो आयुष्यभर काय काम करत होता?"

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, केस अण्णांचा, पण भूक माझी. मला हात थांबवता आला असता." आचार्य पुढे म्हणाले, "प्रायश्चित्त मागितलं. तीन उपवास दिले. दोन दिवसांचा उपाशी होता, म्हणून एकाआड एक करायला सांगितले."

"आणि ऐलक दीक्षा? ती तुम्ही..."

"मी कुठं थांबवली? मी तयार होतो. तोच नको म्हणाला. वाटीतलं दिसत असून डोळा फिरवला, उद्या ओंजळीत घेईन तेव्हा काय करीन म्हणाला. एक वर्ष द्या, म्हणाला."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. मला आठवतं, मी त्या झाडूचे फटके मोजायला लागलो होतो.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"त्यानंच बजावलं होतं. म्हणाला, सांगू नका, अण्णा बेरजा करत बसेल."

त्यावर आचार्य हसले. मीही हसलो, आणि मग मला हसू आवरेना आणि ते काय होतं ते तुला सांगायला नको.

सुकुमार, आता मी बेरीज करतो, तू नको म्हणालास तरी. मला वाटायचं तुझं जेवण वाचवून मी तुला काहीतरी दिलं. मी तुझं एक वर्ष घेतलं. आणि ते एक वर्ष तुझ्याकडे नव्हतं. ज्या पायरीसाठी तू घर सोडलंस, नोकरी सोडलीस, सुनंदाच्या हातची पुरणपोळी सोडलीस, ती एका हाताच्या अंतरावर होती, आणि मी तुला शेवटच्या बाकावर बसवून ठेवलं. मला तू तिथेच हवा होतास. केस उचलताना माझ्या मनात फक्त तुझी भूक होती, असं मी शपथेवर सांगू शकेन असं मला वाटत होतं. शिऱ्याची आठवण झाली की शपथ घ्यायला धीर होत नाही.

आणि मला तुझा रागही येतो. त्या दिवशी जेवून जाताना तू मला आशीर्वाद दिलास. त्यानंतर सतरा वेळा मी तुला भेटलो. एकदाही तुझ्या डोळ्यात काही दिसलं नाही. तू मला ओरडायला हवं होतंस. लहानपणी ओरडायचास, कॅरममध्ये मी सोंगटी सरकवली की गल्लीभर ऐकू जायचं. एवढ्या मोठ्या गोष्टीला तू गप्प बसलास आणि स्वतःच तीन दिवस उपाशी राहिलास. हा वाद आपण करायला हवा होता. तुझं म्हणणं काय असतं ते मला अंदाजानं कळतं, पण तू बोलताना मला मध्ये मध्ये तोडतोस तेव्हाच मला ते पटतं. आता तोडणारं कुणी नाही, म्हणून मला पूर्ण पटलेलं नाही. परत तसाच तिसरा दिवस आला, तसेच फुटलेले ओठ समोर आले, तर मी काय करीन हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. आचार्यांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "मग वर्षभर हातानं आहार देऊ नकोस. दारात उभा राहा, बघ."

त्यांनी मला तेवढंच दिलं असतं तर बरं झालं असतं. तीन उपवास दिले, वर्षभर आहार न देणं दिलं, आणि शेवटी म्हणाले, "ज्यांच्यासमोर आहार शुद्ध म्हणालास, त्यांना सांग."

"महाराज, बायकोला सांगणं फार जड आहे."

"म्हणून उपवास हलके दिलेत."

का जड, ते तुला ठाऊक नसेल. तुला सुनंदा किती बोलते ते ठाऊक आहे, पण गेल्या वर्षभरात ती काय बोलत होती ते ठाऊक नाही. मंदिरात, लग्नात, मगदूमकाकूंच्या हळदीकुंकवाला, भाजीवाल्याकडेसुद्धा. "भाऊजी दोन दिवस उपाशी होते. कुणाकडे जमलं नाही. आमच्याकडे निरंतराय झाला. चोवीस घास घेतले." मूल नाही तिला. पहाटे साडेचारला उठून तिनं आयुष्यात जे केलं त्यात तिला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट ती होती. तू गेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा, रडता रडता, ती पहिलं वाक्य हेच म्हणाली: "माझ्या हातचं पोटभर जेवले होते हो." मी तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

मगदूमकाकूंना आणि भैयाजींना आधी सांगितलं. सोपं होतं म्हणून. काकू म्हणाल्या, "अगंबाई," आणि चहा टाकायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. भैयाजींनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जिन्यातून ओरडलो होतो."

सुनंदाला परवा सांगितलं, तिसऱ्या उपवासाच्या दुपारी. ती ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच, शिऱ्यासकट. तिचा हात ताटात फिरत होता तो थांबला.

"भाऊजींना कळलं होतं?"

"हो."

"आणि मला काही म्हणाले नाहीत."

"कुणालाच नाही. आचार्यांना सोडून."

मला वाटलं ती केसाबद्दल बोलेल, नाहीतर दीक्षेबद्दल.

"तुम्ही मला वर्षभर सगळ्यांसमोर बोलू दिलंत," ती म्हणाली. "मी बोलायचे आणि तुम्ही शेजारी उभे असायचात."

तिनं ताट उचललं, आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर पारण्याचं पाणी ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही सभेत काहीतरी वाचणार आहात ना भाऊजींवर? हे वाचा. मी जिथे जिथे सांगितलंय ती सगळी माणसं येणार आहेत. मी एकेकीच्या घरी जाऊन सांगणार नाही."

"तू येशील?"

"मी पुढे बसणार आहे. मान खाली घालायची ती तुम्ही घाला."

तर हे तिच्या सांगण्यावरून वाचतो आहे. तीन उपवास झाले, ते आचार्यांच्या आज्ञेचे. आहार न देण्याचं वर्ष सुरू झालं, त्याचे अजून अकरा महिने आणि काही दिवस आहेत. आणि आज, इथे, पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला मी तिचं खरं परत देतो: तिचा स्वयंपाक शुद्ध होता, पाणी शुद्ध होतं, हात शुद्ध होते. तिच्या बाजूनं काहीही चुकलं नव्हतं. जे चुकलं ते डाव धरणाऱ्याचं.